केटची सही आणि माझे ७२५ डॉलर

गणपतीत कॅल्गरीच्या मंडळासाठी क्लोंडाइक केटवर वीस मिनिटांचं एकपात्री बसवत होते. म्हणजे केट रॉकवेल, कॅनडातल्या क्लोंडाइकमध्ये सोन्यासाठी झुंबड उडाली त्या काळात तिथल्या डॉसन गावात नाचणारी. लाल शिफॉनचा लांबलचक पट्टा गरागरा फिरवून ज्वाळांसारखा नाच करायची, आणि नाच संपला की खाणवाल्यांच्या टेबलावर बसून दारूच्या बाटल्या खपवायची, कारण कमिशन त्यावर. हे सगळं वाचूनही मी फसले, म्हणून जास्त चीड येते.

ऑनलाइन जाहिरात होती: केटच्या सहीचा मूळ फोटो, ६४० डॉलर. ‘आणखी दोघं विचारताहेत’ वगैरे नेहमीचंच. ई-ट्रान्सफर केलं. मग पार्सलच्या विम्याचे म्हणून ८५ मागितले. तेही दिले! ई-ट्रान्सफर जमा झालं की पैसे गेले समजा.

पार्सल आलं. भिंगाखाली प्रिंटरचे रंगीत ठिपके, मागच्या कागदाला चहाचा वास.

आणि मागे शाईनं लिहिलेलं: ‘पॅलेस ग्रँड, डॉसन, १८९८’. या मागच्या बाजूचा फोटो विक्रेत्यानं मी पैसे द्यायच्या आधीच मला पाठवला होता. पॅलेस ग्रँड थिएटर उघडलं १८९९ मध्ये. केट डॉसनला पोचली १९०० मध्ये. दोन्ही वर्षं माझ्याच संहितेत, माझ्याच अक्षरात, लाल पेनानं अधोरेखित! पण तेव्हा डोळ्यांपुढे एकच चित्र, स्टेजवर तो फोटो हातात धरून उभी असलेली मी. मी काही भोळी नाही हो, पण हौसेपुढे अक्कल चालत नाही. तुम्ही मात्र मागची बाजू आधी वाचा.

बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत. पोलिसांनी ऑनलाइन फॉर्म भरायला लावला, एक नंबर दिला. अकरा दिवसांनी फोन आला, हा म्हणे दिवाणी मामला. दिवाणी! खोटी सही करून विकली की दिवाणी? वर फोनवरच्या पोलीस बाईंनी विचारलं, केट तुमच्या नात्यातल्या का? जाहिरातीच्या साइटवर तक्रार केली, तर आपोआप येणारं ‘धन्यवाद’ आलं.

केटनंही तिच्या प्रियकरावर, थिएटरवाल्या अलेक्झांडर पँटेजेसवर, स्वतःचे पैसे उधळले होते, आणि १९०५ मध्ये त्यानं लग्न केलं एका व्हायोलिनवादक मुलीशी. केटनं २५,००० डॉलरचा दावा ठोकला. कोर्टाबाहेर मिटला, पण हाती काहीतरी पडलं. मला ते दिवाणीसुद्धा परवडत नाही.

मी संतापून त्या विक्रेत्याला दोन्ही वर्षांचा हिशेब सविस्तर लिहून पाठवला. तेवढा मूर्खपणा तरी करू नका. परवा तोच फोटो दुसऱ्या नावानं विकायला दिसला, ५९० डॉलरला. मागे लिहिलेलं वर्ष आता १९०१ आहे.