फॉन्टमुळे डिझाइन अडकतंय: फॉरमॅट मारायचा, कॅशे पुसायची की फॉन्ट छाटायचे?

लग्नसराईत कोरल-इलस्ट्रेटरसारख्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉन्टच्या यादीवर क्लिक केलं आणि पडद्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' आलं, की नागपुरात पहिला सल्ला ठरलेला: "भाऊ, फॉरमॅट मारून घ्या." मी दोनदा मारून घेतला. दोन्ही वेळा मशीन पळायला लागलं आणि पंधरा दिवसांत पुन्हा रुसलं. फॉरमॅटमुळे फॉन्टचं फोल्डर रिकामं व्हायचं, गुण त्याचा होता. मग मीच जुन्या पेनड्राइव्हमधले सगळे फॉन्ट परत टाकायचो.

आपल्याकडे हे ओझं जरा जास्तच. महाल-इतवारीतल्या दुकानात एकाच दिवशी मराठी पत्रिका, हिंदी बॅनर आणि इंग्रजी व्हिजिटिंग कार्ड निघतं. म्हणून श्रीलिपीचे फॉन्टही हवेत, कृतीदेवही हवा. त्यात कृतीदेव ०१० च्याच तीन-चार प्रती, कुठून आल्या ते देव जाणे. यादी उघडली की सॉफ्टवेअर प्रत्येक फॉन्टचा नमुना दाखवायला जातं आणि एखादी तुटकी फाइल भेटली की तिथेच बसून राहतं. इलस्ट्रेटरमध्ये यादीतला हा नमुना प्रेफरन्सेसमधून बंद करता येतो. तात्पुरता आराम मिळतो, दुखणं जात नाही.

फॉरमॅटला अख्खा दिवस जातो, पैसे वेगळे. रॅम वाढवायचा सल्लाही मिळेल. मोठ्या फ्लेक्सच्या फाइलींना ती उपयोगी आहेच, पण तुटक्या फॉन्टपुढे १६ जीबीही हात टेकते.

कॅशे म्हणजे विंडोजने फॉन्टची माहिती पटकन सापडावी म्हणून साठवलेल्या फाइली. ती पुसणं फुकट आणि दहा मिनिटांचं काम. विंडोजची फॉन्ट कॅशे सर्व्हिस थांबवायची, तिच्या फोल्डरमधल्या फाइली उडवायच्या, मशीन रीस्टार्ट करायचं. लाइट जाऊन मशीन धाडकन बंद पडलं आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला असेल, तर आधी हेच करा. कॅशे पुन्हा बांधली जाईपर्यंत सुरुवातीला थोडं संथ वाटेल, घाबरू नका. पण फॉन्टच खराब असेल तर दुखणं परत येणार.

छाटणी कंटाळवाणी आहे, तरी माझं मत तिलाच. विंडोजच्या स्वतःच्या फॉन्टना हात लावायचा नाही. बाकीच्यांची दुसऱ्या ड्राइव्हवर प्रत ठेवायची, त्यातले निम्मे काढायचे आणि सॉफ्टवेअर उघडून बघायचं. चाललं तर गुन्हेगार काढलेल्यांत, नाही तर राहिलेल्यांत. पुन्हा निम्मे. हजार फॉन्ट असले तरी दहा फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येतं. खराब फाइली दोन-तीन असतील तर फेऱ्या वाढतात. एक फसवणूक लक्षात ठेवा: विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून नुसतं 'इन्स्टॉल' केलेला फॉन्ट फक्त त्या यूझरच्या फोल्डरमध्ये जातो, सगळ्यांसाठी टाकलेला विंडोजच्या मुख्य फोल्डरमध्ये. एकच फॉन्ट दोन्हीकडे बसलेला सापडू शकतो.

फॉन्ट मॅनेजर हा छाटणीनंतरचा उपाय. कोरलसोबत एक्स ८ पासून, म्हणजे २०१६ पासून, त्यांचा स्वतःचा येतो; नेक्ससफॉन्ट आणि फॉन्टबेस फुकट मिळतात. फॉन्ट इन्स्टॉल न करता लागेल तेवढेच चालू करायचे. वीस-पंचवीस फॉन्टांत काम भागत असेल तर याच्या भानगडीत पडू नका. रोज नव्या गिऱ्हाइकाची फाइल येत असेल तर मात्र घ्याच. नेक्ससफॉन्ट बंद केला की त्यातून घेतलेले फॉन्टही जातात, म्हणून आधी तो उघडायचा, मग कोरल.

एकच फाइल अडकत असेल तर यातलं काहीच करू नका. ज्याने ती पाठवली त्यालाच कोरलमध्ये कंट्रोल क्यू दाबून अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्या करून, पाठवायला सांगा आणि मूळ फाइलही मागून ठेवा. हिवाळी अधिवेशनाच्या आदल्या रात्री बॅनरवरच्या भाऊसाहेबांच्या नावातली वेलांटी चुकलेली सापडते, आणि कर्व्ह केलेल्या अक्षरांत ती टाइप करून बदलता येत नाही.