शाळेला जायचं कशानं: एसटी की सायकल?

तालुक्याच्या हायस्कूलला आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांतून येणाऱ्या मुलांनी जूनमध्येच हे ठरवावं. वर्षभराचा अभ्यास त्यावर अवलंबून असतो.

खर्चात एसटी सोपी. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत, मुलांना साधारण एक तृतीयांश भाडं. शाळेचा दाखला आणि फोटो लागतो. पासाची मुदत संपायच्या दोन-तीन दिवस आधीच नवा काढा. चाचणीच्या सकाळी पास संपल्याचं कळलं की पूर्ण तिकीट पडतं. खरी अडचण वेळेची आहे. दहावीचे जादा तास साडेपाचला सुटतात आणि गावची शेवटची गाडी पाचची असते, मग मुलं नेमका गणिताचा तास अर्धा सोडून निघतात. हे फार वाईट. पालकांनी मिळून मुख्याध्यापकांच्या पत्रासह आगारप्रमुखांकडे वेळ बदलून मागावी.

पाच किलोमीटरच्या आत असाल तर सायकलच घ्या. अर्धा तास पुरतो, सुटायची घाई नाही. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते, शाळेत चौकशी करा. पावसाळ्यात मात्र चिखल चेनमध्ये बसतो, तेल धुऊन जातं आणि चेन उतरते. आठवड्याला चेन फडक्यानं पुसून दोन-चार थेंब तेल सोडा. ब्रेकचे रबर जूनआधी बदला. दप्तर कॅरिअरला आडवं, दोन ठिकाणी बांधा; एकच दोरी असली की पट्टा सुटून चाकात जातो.

आठ-दहा किलोमीटर असेल तर एसटीच.