किनारा झाडायचा की कचऱ्याची वाट अडवायची?

सेशेल्समधल्या अल्डाब्रा या प्रवाळबेटावरून 2019 मध्ये स्वयंसेवकांनी 25 टन प्लास्टिक उचललं. अभ्यासकांच्या अंदाजानुसार 500 टनांहून जास्त तिथेच उरलं. सफाईची मर्यादा इथेच कळते: खर्च अफाट, आणि भरतीबरोबर नवा कचरा हजर. तरी तिला कमी लेखू नये. अंडी घालायला वाळूवर चढणारी कासवीण जाळ्यात पाय अडकून मरते. ते जाळं आज काढलं तर ती आज वाचते. कुठलाही कायदा इतक्या लवकर फळत नाही.

दुसरा मार्ग उगमावरच बंदीचा. प्रशांत महासागरातल्या वानुआटू या बेटांच्या देशाने 2018 मध्ये प्लास्टिक पिशव्या आणि स्ट्रॉ बंद केले. घरचा कचरा त्याने नक्की घटतो. पण अल्डाब्रावर सापडलेलं बरंचसं प्लास्टिक म्हणजे मासेमारीची जाळी, दोरखंड आणि दुरून वाहत आलेल्या चपला! बेटाने एकट्याने काय काय अडवायचं? जहाजांवरून समुद्रात प्लास्टिक टाकायला 1988 पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, पण भर समुद्रात पहारा कोण देणार? बंदरांवर जुनी जाळी फुकट परत घेतली आणि नव्यांवर मालकाची खूण सक्तीची केली, तर फरक पडेल.

माझं मत विचाराल तर मोठा निधी उगमाकडे वळवावा; कासवांच्या विणीच्या किनाऱ्यांची सफाई मात्र एकही हंगाम चुकवू नये.