बजीला (पाळीव छोट्या पोपटाला) नवं खाणं: हातातून की पिंजऱ्याच्या जाळीला टांगून?
पक्षी हाताला बिचकतोय आणि दाण्यांशिवाय कशाला चोच लावत नाही, तेव्हा हाताची सवय आणि नवं खाणं, दोन्ही एकदम साधायचा मोह होतो. पण अनोळखी हातात अनोळखी पाला म्हणजे बजीला दुप्पट धास्ती.

हातातून देताना वेळ भरपूर जातो, हात न हलवता धरावा लागतो. नासाडी मात्र नगण्य. सुरुवात राळ्याच्या कणसानेच करावी, ते ओळखीचं असतं.

कोथिंबिरीची ओली जुडी जाळीला टांगली की कष्ट संपले, पण सांडलवंड फार. आधी तिच्यात अंग घुसळून आंघोळ होते, चव नंतर! उरलेलं काही तासांत काढायचं. उपाशी ठेवणं दोन्हीकडे बाद.

नवा, बुजरा पक्षी असेल तर टांगणंच बरं. बोटावर बसणाऱ्याला हातातून द्या, त्याच्यासमोर स्वतः एखादं पान खाऊन दाखवा.