घसरून पडल्यावर वकिलाची सेवा : फी कुठे वसूल होते

दुसऱ्याच्या जागेत घसरून पडल्यावर भरपाईचा दावा लढवणाऱ्या वकिलाच्या सेवेचा कस पहिल्याच आठवड्यात लागतो. सीसीटीव्हीचं चित्रण बऱ्याच ठिकाणी काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं; ते जपून ठेवण्याची लेखी नोटीस लगेच धाडणारा वकील निम्मं काम तिथेच करतो. पुढची परीक्षा प्रश्नांची. फरशी किती वेळ ओली होती, जागेच्या मालकाला ते ठाऊक होतं का, सूचनाफलक होता का? हे न विचारता थेट भरपाईचा आकडा सांगणारा टाळावा. त्या दिवशीची चप्पल न धुता पिशवीत ठेवायला सांगणारा मिळाला, तर तो जाणता समजा. 'तळ झिजला होता' हा समोरच्याचा हुकमी बचाव असतो. टक्केवारीची फी, म्हणजे मिळालेल्या भरपाईतला ठरलेला वाटा, सगळीकडे कायदेशीर नाही. असेल तिथे, वैद्यकीय वा तज्ज्ञांच्या अहवालांचा खर्च भरपाईतून टक्केवारीआधी वजा होतो की नंतर, हे लेखी घ्या.