बंदुकीवरचा ओरिजिनल स्कोप (दुर्बीण) म्हणून साडेअठरा हजारांना चुना लागला, घ्यायच्या आधी वाचा

बरेच दिवस लिहू की नको करत होतो, कारण लिहिलं की लोक हसणार हे माहितीय. पण गेल्या महिन्यात आमच्याच शॉपमधला एक पोरगा तोच माल घ्यायला निघालेला, कसाबसा थांबवला त्याला, तेव्हा म्हटलं आता लाज सोडून लिहावंच.

मी शिरोली एमआयडीसीत क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर हातात मायक्रोमीटर, जॉब (मशीनवर काढलेला पार्ट) दहा मायक्रॉन जास्त आला तर रिजेक्टचा लाल पेंट मारणारा माणूस. हे आधीच सांगतो कारण पुढं वाचताना तुमच्या मनात जे येणार ते माझ्या बायकोनं आधीच बोलून झालंय.

ऑगस्ट २०२४ ला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ काढलं, १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक पदक, कोल्हापुरात काय वातावरण होतं ते सांगायला नको. मला पण किडा चावला. .१७७ ची (नळीचं भोक, इंचात) स्प्रिंगवाली छर्ऱ्याची बंदूक घेतली, २० ज्यूलच्या आतली, लायसन लागत नाही पण ओळखपत्र द्यावं लागतं. मेव्हण्याच्या शेतात बांधाला मातीचा ढीग, त्याच्यापुढं कागद लावायचा आणि २५ मीटरवरून मारायचं, बस्स. (पाखरं-बिखरं अजिबात नाही, १९७२ च्या कायद्यात आत जाल.) गंमत म्हणजे स्वप्नीलच्या रायफलला स्कोप नसतोच, ऑलिंपिकच्या रायफल प्रकारात दुर्बीण चालतच नाही, बारीक भोकातून बघून मारतात. पण माझी चाळिशी लागलेली, मागची साइट बघितली की पुढची पुसट आणि पुढची बघितली की कागद पुसट. स्कोपमध्ये क्रॉस (नेमाची फुली) आणि टार्गेट एकाच ठिकाणी दिसतात म्हणून स्कोप घ्यायचं ठरवलं, इथपर्यंत डोकं ठिकाणावर होतं.

दुकानात साधा ३-९x४० चा (झूम ३ ते ९ पट, पुढची लेन्स ४० मिलिमीटर) एअरगनसाठीचा स्कोप साडेचार हजाराला होता. घेऊन मोकळं व्हायचं ना. पण मी रोज रात्री व्हिडिओ बघत बसायचो, श्मिट अँड बेंडर, नाइटफोर्स, स्वारोव्स्की, लाखालाखाच्या दुर्बिणी, आणि ते बघून साडेचार हजाराचा माल हातात धरवेना. अशात मोबाइलवर जाहिरात आली. एका अमेरिकन कंपनीचा स्कोप (नाव लिहीत नाही, त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष), खरी किंमत दीड लाखाच्या वर, आणि हा गडी देतोय साडेअठरा हजाराला. फोटोत डाव्या हातात धरलेला स्कोप, अंगठ्यात चांदीची जाड अंगठी. मेसेज केला तर म्हणाला, "दादा, दुबईहून आलेला लॉट आहे, कस्टमची ड्युटी लागली नाही म्हणून हा रेट, शेवटचे दोन पीस." बिल मागितलं तर म्हणे बिल पाहिजे तर जीएसटीचे वेगळे पडतील. आणि मी शहाणा, जीएसटी वाचला म्हणून खूश! निम्मे आधी, निम्मे पार्सल निघाल्यावर, दोन्ही यूपीआयनं. माल आल्यावर पैसे देतो म्हटलं तर "ऑप्टिक्स आहे दादा, कुरिअरवाले उघडून बघतात, लेन्सला बोटं लागतात." हे पण पटलं मला. काय सांगायचं.

पार्सल आलं. बॉक्स झकास, आत कापड, पाना, इंग्लिशमधलं पुस्तक. हातात वजनदार. दिवा लावला तर क्रॉस लाल पण होतो, हिरवा पण होतो, पोरं खूश. पहिल्या दिवशी पंधरा छर्रे मारले, एका रुपयाच्या नाण्यात बसले सगळे. मी मेव्हण्याला म्हटलं बघ, माल म्हणतात तो हा.

तिसऱ्या रविवारपासून छर्रे भरकटायला लागले. आज दोन इंच डावीकडं, उद्या खाली. आधी छर्ऱ्यांना शिव्या दिल्या, दुसऱ्या कंपनीचे महाग आणले. मग बंदुकीला शिव्या दिल्या, सगळे स्क्रू आवळले. मग वाटलं माझाच हात हलतोय, दोन महिने मी श्वास धरायचा, सोडायचा असलं काय काय करत होतो. स्कोपवर संशयच नाही, दीड लाखाचा ना तो!

शेवटी आमच्या गल्लीतले सुभेदारकाका, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, त्यांना शेतात घेऊन गेलो. त्यांनी स्कोपला हातसुद्धा न लावता पहिलं विचारलं, "कितीला घेतलास?" सांगितलं. काही बोलले नाहीत. मग म्हणाले चौकोन मार. म्हणजे असं, एक छर्रा मारायचा, मग नेम सरकवायची वरची चकती २० क्लिक वर, छर्रा, बाजूची २० क्लिक उजवीकडं, छर्रा, मग २० खाली, २० डावीकडं, आणि नेम मात्र प्रत्येक वेळी त्याच ठिपक्यावर धरायचा. पाव मिनिटाचा (घड्याळाचं नव्हे, कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग) एक क्लिक म्हणजे २५ मीटरवर साधारण १.८ मिलिमीटर, म्हणजे २० क्लिकला ३६ मिलिमीटर, कागदावर सरळ चौकोन निघून शेवटचा छर्रा पहिल्याच्या भोकात जायला पाहिजे. माझा काय निघाला, अर्धी मोडलेली भाकरी. वरच्या २० क्लिकला तो १५ मिलिमीटरच हलला आणि शेवटचा छर्रा पहिल्यापासून चार बोटं लांब. मग त्यांनी झूम ३ वरून ९ वर न्यायला लावला तर नेमच वेगळीकडं गेला.

काकांनी मग नीट समजावलं. स्प्रिंगच्या बंदुकीचा दणका दोन बाजूंनी असतो. पिस्टन पुढं सुटला की बंदूक मागं येते, आणि पिस्टन टोकाला जाऊन थांबला की झटक्यात पुढं. आपल्याला खांद्याला एकच धक्का वाटतो. आतली क्रॉसची नळी एका स्प्रिंगवर टेकून असते, हलक्या मालात ती स्प्रिंग दोन-तीनशे छर्ऱ्यांत मान टाकते. चांगल्या भारी रायफलचा स्कोपसुद्धा मागच्या धक्क्यासाठी बनवलेला असतो, तो एअरगनवर टिकेलच असं नाही, आणि बऱ्याच स्कोपचा फोकस १०० यार्डाला लावलेला असतो, आपल्या २५ मीटरला काय उपयोग? म्हणजे माझा स्कोप समजा खरा असता तरी ती खरेदी येडचापच होती. हे ऐकून जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी डब्यासोबत स्कोप कंपनीत नेला. लंच टाइमला मायक्रोमीटर लावला. ३० मिलिमीटरची नळी लिहिलेली, एका बाजूनं २९.८२, आडवा धरला तर २९.६७. गोल पण नाही हो ती! बॅटरीच्या झाकणाचे आटे असे की आमच्या ट्रेनी पोरानं काढले असते तर मी त्याला दिवसभर उभा केला असता. मग ट्यूबलाइटखाली धरला. चांगल्या कोटिंगच्या लेन्समध्ये ट्यूबचं प्रतिबिंब अंधूक दिसतं, हिरवट, जांभळट, एकामागं एक. यात पांढरी फटक ट्यूब, आरशात दिसावी तशी. पुस्तकात कंपनीच्या पत्त्यातच स्पेलिंगची चूक. आणि ज्या मॉडेलचं नाव वर कोरलेलं त्या मॉडेलला दिवा येतच नाही मुळात, हे कंपनीच्या साइटवर दोन मिनिटांत दिसलं. ती दोन मिनिटं मला तीन महिने सापडली नव्हती.

खरी चपराक पुढं. इचलकरंजीचा एक जण ओळखीतून सापडला, त्यानं पण त्याच गड्याकडनं घेतलेला. फोनवर म्हटलं तुझ्या नळीवरचा सीरियल नंबर वाच. तो एकेक आकडा वाचतोय आणि मी माझ्या स्कोपवर बोट फिरवतोय, शेवटपर्यंत तोच नंबर.

त्या गड्याला मेसेज केला. आधी "अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का?", मग "तुमची बंदूक खराब आहे", मग ब्लॉक. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, सायबरच्या पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर मिळाला. पण तिथल्या बाईंनी पहिलं हेच विचारलं, पैसे कधी गेले. असले पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तरच खातं गोठवता येतं म्हणे, आणि माझे जाऊन तीन महिने झालेले, त्यात माल मिळालाय पण नकली आहे हे समजावता समजावता माझीच दमछाक. बिल नाही म्हटल्यावर ग्राहक आयोगात पण काय दाखवणार, यूपीआयची पावती आणि अंगठीवाला अंगठा?

तुम्ही घेणार असाल तर घ्या की, स्वस्त घ्या, स्वस्तात काही पाप नाही. मी मग तोच साडेचार हजाराचा घेतला, बिलासकट, पुढची रिंग फिरवून १० मीटरपर्यंत फोकस येणारा, मागं सरकू नये म्हणून खिट्टी असलेल्या माउंटवर. कडेला थोडं पुसट दिसतं, संध्याकाळी सहानंतर लवकर अंधारतो, लाखाच्या स्कोपात जी शेवटची पंधरा-वीस मिनिटं मिळतात ती यात नाहीत. पण त्यावर चिनी माल लिहिलंय आणि तो चिनीच आहे. दिवाळीपासून नेम हललेला नाही.

नकली स्कोप माझ्या टेबलावर असतो, नवीन ट्रेनी आला की पहिल्या दिवशी त्याला मोजायला देतो. आणि तो शॉपमधला पोरगा म्हटलो ना, त्यानं मोबाइल पुढं केला तेव्हा नाव वेगळं, नंबर वेगळा, भाव साडेपंधरावर आलेला, "शेवटचे दोन पीस". फोटो मोठा करून बघितला. डावा हात, चांदीची अंगठी, आणि अंगठ्याच्या वर सीरियल नंबर, मला तोंडपाठ असलेला.