इंदुरात बिग बँड: वादन अव्वल, ध्वनियोजना अर्धीच
बिग बँड म्हणजे जॅझचा मोठा वाद्यवृंद. इथे 17 वादक: 5 सॅक्सोफोन, 4 ट्रम्पेट, 4 ट्रॉम्बोन, शिवाय पियानो, गिटार, डबल बास, ड्रम्स. वादन अव्वल! घोटाळा झाला तो ध्वनियोजनेत. ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन, मुळातच दणदणीत. प्रत्येकाला माइक दिला की डबल बास बुडतो, आणि बास बुडला की स्विंगची, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीची, चालच हरवते. मध्यंतरानंतर ब्रासचे माइक उतरवले, बास चढवला, तेव्हा कुठे मैफल जमली.

जॅझमध्ये नेहमी वाजणाऱ्या ब्लूज या रचनाप्रकाराचं आवर्तन 12 बारचं; एक बार 4 मात्रांचा, म्हणजे एकूण 48 मात्रांचं. ते मनात धरलं की सोलो कुठे संपणार ते आधीच कळतं. ख्यालगायक अमीर खाँसाहेबांच्या, लांब आवर्तनं ऐकलेल्या इंदूरला हे जड नाही. टाळी मात्र प्रत्येक बारच्या दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर द्यावी, पहिलीवर नको. तिकीट मधल्या रांगांचं घ्या. अगदी पुढे बसलात तर समोरचे सॅक्सोफोनच कानावर येतात.